दोन नोंदींमधलं अंतर

अतिदक्षता विभागात तिला सगळे ताईच म्हणत. मोठे सर्जन म्हणत, फरशी पुसणाऱ्या मावशी म्हणत, आणि तिच्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे असलेले पेशंटही शुद्धीवर आले की दुसऱ्या दिवसापासून ताईच म्हणायला लागत. सव्वीस वर्षं ती त्या अठरा खाटांमधून फिरत होती. घरी नवरा म्हणायचा, "हिला गाढ झोपेतून उठवून विचारा, सात नंबरच्या खाटेचं कुठलं चाक कुरकुरतं. सांगेल. माझ्या चष्म्याचा नंबर विचारा, नाही सांगता येणार." त्याचं चष्म्याचंच दुकान होतं, म्हणून हा टोमणा त्याला विशेष आवडायचा.

धाकटे डॉक्टर त्या विभागात आले तेव्हा ताईला तिथे बारा वर्षं झाली होती. विभागात तेव्हा दोनच डॉक्टर, त्यात हे वयानं लहान, म्हणून धाकटे. पुढे मोठे डॉक्टर निवृत्त झाले, हे प्रमुख झाले, कानशिलं पांढरी झाली, तरी नाव धाकटेच राहिलं. पहिल्याच आठवड्यात मानेच्या शिरेत नळी घालताना त्यांना शीर सापडत नव्हती. ताई शेजारी उभी राहिली आणि दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं पुटपुटली, "सुई थोडी आडवी. अजून. आता थांबा. रक्त आलं ना? झालं मग." बाहेर आल्यावर ते म्हणाले, "ताई, मला अहो-जाहो करू नका. लाज वाटते." तेव्हापासून चारचौघांत 'डॉक्टर' आणि एरवी 'अरे' असं ठरून गेलं. ताईला पाठचा भाऊ नव्हता. तिच्या डब्यातली एक पोळी रोज कुणासाठी जास्तीची असते, हे सगळ्या विभागाला ठाऊक होतं.

तीन वर्षांपूर्वी एका सकाळी धाकटे डॉक्टर तिला जुन्या कागदांच्या खोलीत घेऊन गेले. खाटेच्या पायथ्याशी टांगायचे ते लांबरुंद तक्ते तिथे छतापर्यंत रचलेले होते. चौदा वर्षांचे. नाडी, रक्तदाब, श्वास, लघवीचं प्रमाण, सगळं नर्सांच्या हातचं.

"ताई, ही खाण आहे," ते म्हणाले. "हे सगळं कॉम्प्युटरमध्ये गेलं ना, तर पेशंट कधी कोसळणार हे आधी कळेल. यंत्र शिकेल त्यातून."

"आणि भरणार कोण?"

ते नुसते हसले. ताईनं ओळखलं.

"अरे, माझ्या पोरी आठ-आठ तास उभ्या असतात. त्यावर हे?"

"तुम्ही सांगितलंत तर करतील. आणि एक शब्द देतो. यंत्र आलं की त्यांचं ओझं कमी होईल, त्या कमी होणार नाहीत. शोधनिबंधावर नावं लागतील सगळ्यांची. तुमचं तर वर."

ताईनं पोरींना सांगितलं. ड्यूटी संपली की दोघी-दोघी बसायच्या. कुणाचं लहान मूल घरी वाट बघायचं, कुणाची शेवटची बस चुकायची. नऊ महिन्यांत अकरा हजार पेशंटांचे तक्ते भरून झाले.

ते आकडे तपासायला विद्यापीठातून एक मुलगी आली. संख्याशास्त्र शिकलेली, कंत्राटावर नेमलेली. चष्मा सतत नाकावरून घसरायचा. चादरींच्या कोठीतलं एक कपाट हलवून तिथे तिला टेबल दिलं होतं. नर्सांनी तिचं नाव आकडेबाई ठेवलं. तिलाही ते आवडलं असावं, कारण निरोपाच्या चिठ्ठ्यांवर ती तशीच सही करायला लागली. ताईच्या नवऱ्यानं तिच्या चष्म्याच्या काड्या दोनदा फुकट आवळून दिल्या; तिसऱ्यांदा म्हणाला, "बाई, चूक काडीची नाही, नाकाची आहे."

आकडेबाई अधूनमधून ताईला गाठायची. एकदा तिनं पडद्यावरच्या एका ओळीवर बोट ठेवलं. "ताई, बाकी सगळ्यांचा रक्तदाब तासातासानं लिहिलाय. याचा मात्र सव्वादोन, अडीच, पावणेतीन. असं का?"

ताईनं सही पाहिली. तिचीच होती. "तो मला बरा वाटत नव्हता."

"पण आकडे तर चांगले आहेत. नाडी ठीक, दाब ठीक."

"आकडे चांगले होते गं. तो बरा वाटत नव्हता."

"म्हणजे नेमकं काय?"

आता हे कसं सांगायचं? ताई आठवत राहिली. "काहीजण चादर खुडायला लागतात. काहीजण उगाच फार बोलतात, नाहीतर एकदम गप्प होतात. गुडघ्याला हात लावला तर गार लागतो. कपाळ वेगळंच दिसतं. मग आपण दर तासाऐवजी दर पंधरा मिनिटांनी जातो. पाय आपोआप तिकडे वळतात."

आकडेबाईनं ते वहीत लिहून घेतलं आणि चष्मा वर सरकवला.

यंत्र तयार झालं. विभागाच्या भिंतीवर मोठा पडदा लागला, त्यावर अठरा चौकोन. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, लाल म्हणजे धावा. सभागृहात धाकट्या डॉक्टरांनी भाषण केलं. पेशंट कोसळायच्या सहा तास आधी यंत्र सांगतं, म्हणाले. टाळ्यांचा कडकडाट झाला. भाषणाच्या शेवटच्या स्लाइडवर आभारांच्या यादीत 'परिचारिका वर्ग' असे दोन शब्द होते. एका पोरीनं ताईला कोपरानं ढोसलं. "ताई, यातला 'परि' मी का 'चारिका' मी?" ताई हसली आणि तेही पोटात घातलं. धाकट्याचं कौतुक होतंय ना, होऊ दे.

चार महिन्यांनी परिपत्रक आलं. पेशंटांवर आता यंत्राची अखंड नजर असल्यानं हिरव्या चौकोनातल्या पेशंटांची हातानं तपासणी चार तासांनी पुरेल. दोन खाटांमागे एक नर्स होती, ती चार खाटांमागे एक. पाच जणींची इतर विभागांत बदली. ताईला 'दीर्घ अनुभवाचा सन्मान म्हणून' प्रशिक्षण कार्यालयात टेबल-खुर्ची.

ताई कागद घेऊन त्यांच्या केबिनमध्ये गेली. "अरे, हे काय?"

धाकट्या डॉक्टरांनी दोन्ही हात वर केले. "वरून आलंय, ताई. मी भांडलो. माझं कोण ऐकतंय?"

त्यांचा चेहरा इतका कसनुसा झाला होता की ताईनंच त्यांची समजूत घातली. "जाऊ दे, तू तरी किती जणांशी भांडशील," असं म्हणून ती बाहेर आली, आणि पाचही जणींना तेच सांगितलं. डॉक्टर भांडले गं. त्यांचं चाललं नाही. पोरींचा विश्वास बसला, कारण सांगणारी ताई होती.

मग ती दुपार. भेटीची वेळ नुकतीच संपली होती. ताई प्रशिक्षणाच्या फायली घेऊन विभागातून चालली होती. अकरा नंबरवर एक पोस्टमन होता, वय एक्केचाळीस, आदल्या दिवशी पोटाचं ऑपरेशन झालेला. पडद्यावर अकरा नंबर हिरवागार. तिथली नर्स तीन खाटा पलीकडे एका आजोबांची नळी साफ करत होती. पोस्टमनची बायको पिशवी आवरत होती आणि तो तिला सारखं सांगत होता, "सायकलीला कुलूप लाव. लावलंस का? कुलूप लाव." आणि त्याची बोटं चादरीचा काठ खुडत होती.

ताईनं फायली खुर्चीवर टाकल्या, चादर वर केली, गुडघ्याला हात लावला. गार. कातडीवर निळसर जाळी उमटलेली. तिनं पट्टा गुंडाळून दाब घेतला, तर वरचा आकडा सत्तर. नाडी मात्र ऐंशी, शांत. हृदयासाठी तो रोज एक गोळी घ्यायचा, त्या गोळीनं नाडी वाढूच दिली नव्हती. आत रक्तस्राव चालू होता आणि बाहेर एकही घंटा वाजली नव्हती. शेवटची नोंद तीन तास चाळीस मिनिटांपूर्वीची होती.

पंधरा मिनिटांत त्याला ऑपरेशनच्या टेबलावर नेलं. तिसऱ्या दिवशी तो गेला. त्याची बायको कागदांवर सह्या करताना कुणावर ओरडली नाही. तिनं फक्त भिंतीकडे बोट दाखवून ताईला विचारलं, "हिरवं होतं ना हो? मी येता-जाता बघत होते. हिरवं आहे म्हणून मी निर्धास्त होते."

त्या चार खाटा सांभाळणारी नर्स कपडे बदलायच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसली होती. तिच्याजवळ ताई बराच वेळ बसली. पोरीची चूक काय? तिनं परिपत्रक पाळलं होतं. मग यंत्राला का दिसलं नाही? चौदा वर्षांचे तक्ते गिळलेल्या यंत्राला इतकी साधी गोष्ट का कळू नये?

हा प्रश्न विचारायला एकच माणूस होतं. कंत्राट संपल्यावर आकडेबाई विद्यापीठात परत गेली होती. शनिवारी सकाळी ताई तिच्या विभागात गेली. एका लांबट खोलीत सहा टेबलं, त्यातल्या खिडकीजवळच्या टेबलाशी ती बसलेली. ताईला पाहून ती उठली आणि तिचा चेहरा असा उतरला, की ताईला वाटलं, हिला मी येणार हे माहीत होतं.

पोस्टमनची सगळी हकिगत तिनं ऐकून घेतली. मग हलक्या आवाजात म्हणाली, "ताई, यंत्रानं पेशंट वाचलेच नाहीत. यंत्रानं तुम्हाला वाचलं."

"नीट सांग. मला तुझी भाषा येत नाही."

"शंभर जोड्या घ्या. प्रत्येक जोडीत एक कोसळलेला आणि एक बरा राहिलेला. यातला कोसळणारा कोणता, ते आपलं यंत्र शंभरात एकोणनव्वद वेळा बरोबर ओळखायचं. मी एकेक रकाना काढून पाहिला. नाडी काढली, फारसा फरक नाही. दाब काढला, थोडा फरक. मग एक रकाना काढला आणि एकोणनव्वदचे सदुसष्ट झाले. नाडी-दाबाला गुण देणाऱ्या जुन्या कागदी पत्रकानंही तेवढं जमतं."

"कोणता रकाना?"

"दोन नोंदींमधलं अंतर. नर्स किती वेळानं परत आली, ते. तुम्ही तासाऐवजी पंधरा मिनिटांनी गेलात की यंत्र समजायचं, काहीतरी गडबड आहे. त्याला चादर दिसत नव्हती की गार गुडघा. तुमचे पाय कुठे वळतात तेवढंच ते बघत होतं. आता सगळ्यांनाच चार तासांनी तपासतात, म्हणजे यंत्राच्या लेखी कुणालाच कुणाची काळजी वाटत नाही. मग सगळे हिरवे."

ताई खुर्चीत टेकली. "हे त्याला ठाऊक आहे?"

आकडेबाईनं खण उघडून दोन कागद काढले. पहिला तिनंच धाकट्या डॉक्टरांना लिहिलेला मेल, भाषणाच्या दोन महिने आधीचा. सगळं स्पष्ट लिहिलं होतं, आलेखासकट. खाली त्यांचं उत्तर दोन ओळींचं: 'निरीक्षण रोचक आहे. पुढच्या निबंधासाठी ठेवू. या निबंधात हा आलेख नको.' दुसरा कागद व्यवस्थापनाकडे गेलेल्या प्रस्तावाची प्रत होती, परिपत्रक निघून गेल्यावर तिच्या हाती आलेली. यंत्रामुळे तासातासाच्या नोंदी अनावश्यक ठरतात, सबब इतक्या परिचारिका इतरत्र वळवता येतील, असं त्यात म्हटलं होतं. पाच जागांचा हिशोब जोडला होता. खाली सही धाकट्या डॉक्टरांची. परिपत्रकाच्या सहा आठवडे आधीची.

वरून काही आलं नव्हतं. खालून वर गेलं होतं.

ताईनं सही पुन्हा पाहिली. ती सही तिनं हजारदा पाहिली होती, औषधांच्या कागदांवर, सुटीच्या अर्जांवर. शेवटच्या अक्षराला ओढलेली ती लांब शेपटी. त्या दिवशी केबिनमधला कसनुसा चेहरा तिला आठवला, आणि आपणच घातलेली समजूत. पाच पोरींना आपल्या तोंडानं सांगितलेलं खोटं. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. आणि तो केस आपल्याच हातानं उपटून दिलेला.

"आणि तू?" तिनं विचारलं. "तुला भाषणाच्याही आधीपासून माहीत होतं. माझ्यासमोर बसून वहीत लिहून घेत होतीस."

आकडेबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. "माझं कंत्राट त्यांच्या सहीवर होतं, ताई. मला वाटलं, निबंधात नाही तर नाही, निदान विभागात तरी ते सांगतील. नोंदी कमी करतील असं स्वप्नातही..."

"रडू नकोस. मला आत्ता तुझी समजूत घालता येणार नाही. ते माझं काम होतं इतके दिवस, आता नाही करणार. हे कागद मी नेऊ?"

"न्या. माझं नाव सांगा. विचारलं तर मी येईन."

सोमवारी अकरा वाजता ताई केबिनमध्ये गेली. धाकटे डॉक्टर काहीतरी लिहीत होते. "या ताई, बसा. चहा सांगू?"

ताई बसली नाही. तिनं दोन्ही कागद टेबलावर ठेवले. "ही सही तुमची आहे का, सर?"

त्यांनी आधी कागदाकडे नाही, तिच्याकडे पाहिलं. चौदा वर्षांत तिनं बंद दाराआड त्यांना कधी 'सर' म्हटलं नव्हतं.

"ताई, असं काय बोलताय?"

"सही तुमची आहे का?"

"आहे." त्यांनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही बसा तरी. हे दिसतं तितकं सरळ नसतं. यंत्र नर्सांच्या फेऱ्या मोजतं असं मी लिहिलं असतं, तर तो निबंध कुणी छापलाच नसता. यंत्राला जागा मिळाली नसती, पुढचं संशोधन झालं नसतं. आणि जागा कमी करायचा दबाव होताच. मी नसता दिला प्रस्ताव तर दुसऱ्या कुणी दिला असता, त्यात तुमचीही बदली झाली असती. मी तुम्हाला कार्यालयात सुखरूप बसवलं."

"म्हणजे माझ्या भल्यासाठी केलंत."

"हो. अगदी खरं सांगतो."

"आणि पोस्टमन?"

त्यांनी पेन पुन्हा उचललं. मग म्हणाले, "तो कदाचित तसाही गेला असता."

"कदाचित." ताईचा आवाज चढला नाही. "पूर्वीच्या पद्धतीनं तासाला कुणीतरी गेलं असतं त्याच्याजवळ. तीन वेळा गेलं असतं. तीनदा कुणीतरी त्याच्या पायाला हात लावला असता. त्यानंतर गेला असता तर मी म्हटलं असतं, कदाचित. सर, आमची काळजी तुम्ही यंत्रात घातलीत, त्याचं मला काही नाही. घालावी. पण काळजी आपली आहे असं सांगून टाळ्या घेतल्यात, आणि जिच्या जिवावर घेतल्यात तिलाच सांगितलंत, आता तू नकोस. वर माझ्याशी खोटं बोललात. ते कशाला? मी काय मागितलं होतं तुमच्याकडे?"

"रुग्णालयाच्या चौकशी समितीकडे नेणार आहात हे?" त्यांनी खुर्ची मागे सारली. "ताई, माझं पुढच्या महिन्यात दुसरीकडे ठरतंय. मोठी जागा आहे. तुम्ही मला हाताला धरून शिकवलंत. आता तुम्हीच..."

"नेणार आहे. आधी तुम्हाला सांगायला आले, इतकंच. माझ्या मागून तुम्ही केलंत, तसं तुमच्या मागून मला करता येईना."

तिथून थेट समितीच्या कार्यालयात जाऊन तिनं कागदांच्या प्रती दिल्या आणि पोच घेतली.

पुढे फार मोठं काही झालं नाही. चौकशी झाली. आकडेबाई शब्दाप्रमाणे आली, तिनं आलेख दाखवला, एकोणनव्वदचे सदुसष्ट कसे होतात ते समजावलं. भिंतीवरचा पडदा 'दुरुस्तीसाठी' बंद झाला. निबंध छापणाऱ्यांनी पाच ओळींची सुधारणा छापली, तीही कुणाच्या नजरेला पडणार नाही अशा पानावर. दर तासाच्या नोंदी परत सुरू झाल्या. पाचपैकी तिघी परत आल्या. चौथी आपल्या नव्या विभागात रमली होती, पाचवीनं नोकरीच सोडली होती. ताईनं कार्यालयाची खुर्ची परत केली आणि ती पुन्हा विभागात आली. पोस्टमनच्या बायकोला समितीनं बोलावून सगळं सांगावं, असं ताईनं लेखी मागितलं. ते पत्र तीन टेबलांवरून फिरलं. शेवटी ताईनं स्वतःच तिच्या घरी जाऊन सांगितलं. ती बाई ऐकत राहिली, मग आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

धाकटे डॉक्टर मोठ्या जागी गेलेच. निरोपसमारंभाच्या दिवशी ताईनं सुटी घेतली आणि घरी कपाटं आवरली. नवऱ्यानं दुकान अर्धा दिवस बंद ठेवून तिला कपाट धरायला मदत केली आणि त्या दिवशी एकही विनोद केला नाही.

दोन महिन्यांनी एका रविवारी दुपारी दारात धाकट्या डॉक्टरांची आई उभी राहिली. म्हातारी ताईच्याच वस्तीत राहायची. मुलगा एवढा डॉक्टर, पण रक्तदाब मोजायला ती ताईकडेच यायची. म्हणायची, त्याला वेळ नसतो आणि तुमचा हात हलका आहे. या खेपेला ती बरेच दिवसांनी आली होती. ताईनं तिला बसवलं, बाही वर केली, पट्टा गुंडाळला.

"तुमच्यात काय झालं हो?" म्हातारीनं विचारलं. "तुमचं नाव काढलं की तो उठून जातो."

"कामातलं आहे, आजी. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

"मी खोदून विचारलं. तर म्हणाला, सख्ख्या बहिणीसारखं मानलं, आणि तिनंच मला दगा दिला." म्हातारीनं ताईच्या तोंडाकडे पाहिलं. "असं कसं हो होईल? तुम्ही?"

ताईच्या कानात स्टेथोस्कोपच्या नळ्या होत्या, तरी शब्द आणि शब्द ऐकू आला. पट्ट्यातली हवा हळूहळू सुटत होती आणि तिचा आकडा चुकला. या माउलीला काय सांगायचं? आणि सांगून काय मिळणार होतं? आतून नवरा दारापर्यंत आला होता.

"आजी, दोन मिनिटं बोलू नका," ताई म्हणाली. "बोललं की दाब वाढतो."

आणि तिनं पट्टा पुन्हा पहिल्यापासून फुगवायला घेतला.